एक टॅपेट ढिला

समोरच्या लिंबाखाली कुणीतरी फटफटी उघडून बसलंय. तापलेल्या तेलाचा वास खिडकीतून आत आला आणि तव्यावरची भाकर उलटायची राहून गेली. इतकी वर्षं लोटली, पण हा वास आला की मी रनाळ्याच्या आमच्या ओट्यावर, मायच्या शेजारी जाऊन बसते.

लढाईचे दिवस होते. माझ्या थोरल्या भावाची नंदुरबार स्टेशनापर्यंत उतारू नेणारी सर्व्हिस मोटर होती. काळीभोर जमीन सोडून हा लोखंडाच्या नादी लागला म्हणून भाऊबंद नाकं मुरडत. त्या साली त्यानं अख्खं इंजिन खोलून नव्यानं बांधलं, सुरू केलं, तर आतून टिकटिक. गावाला तेवढंच पुरे. ‘मोटर शे का घड्याळनं दुकान?’ असं जो तो विचारू लागला.

भावानं बाभळीच्या काठीचं एक टोक इंजिनावर टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटले. आवाज झडपांकडून येत होता. मग चालत्या इंजिनात एकेका टॅपेटच्या फटीत तो पत्र्याची पातळ पट्टी सरकवू लागला. पट्टी घातल्यावर जिथं टिकटिक थांबे, तो चोर. टॅपेट म्हणजे झडप उचलणारा दांडा. दोहोंत केसभर फट हवीच, कारण लोखंड तापलं की वाढतं. फट उरली नाही तर झडप नीट मिटत नाही आणि जळून जाते. ‘ढिलं बोंबलस, घट्ट जळस,’ असं तो म्हणे. संध्याकाळपर्यंत इंजिन मंद आचेवरच्या भातासारखं नुसतं खदखदत होतं. भाऊ कौतुकाच्या आशेनं मायकडे वळला.

मायच्या दोन्ही डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरला होता. ती म्हणाली, “गाडी ते गप व्हई गई. आते तू कवय उना, हाई माले कसं समजी?”

भाऊ हसला. “एक ढिला ठेवस, माय. तुन्हासाठे.”

ज्या आवाजापायी त्याचा दिवस गेला होता, तो त्यानं आपल्याच हातानं परत ठेवला. रोज दिवेलागणीला वेशीकडून टिकटिक आली की माय पीठ मळायला घेई.

पुढच्या थंडीत हिवतापानं भाऊ गेला. पाहता पाहता गेला. मोटर नंदुरबारच्या एका भल्या माणसानं घेतली. वाट तीच, वेळही तीच. माय दिवेलागणीला ओट्यावर बसून ती टिकटिक ऐके, कान वळवून, मोटर दूर जाईपर्यंत. रडत नसे. आवाज विरला की पदर सावरून आत येई. लेकाचं तेवढंच तिच्याकडे उरलं होतं, आणि ते रोज येत होतं.

एके दिवशी तो भला माणूस मोटर दारात थांबवून मुद्दाम खाली उतरला. “माय, तुन्हा पोर्‍यानी मोटरनी खटखट मी काढी टाकी,” तो अभिमानानं म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर इतका चांगुलपणा होता की मला रागावताही येईना.

“बरं करं, भाऊ,” माय म्हणाली.

त्यानंतरही ती रोज ओट्यावर बसायची. मोटर आमच्या दारावरून धूळ उडवत जायची आणि ती टिकटिकीसाठी वेशीकडे कान लावूनच असायची. मग मी हळूच सांगायची, “माय, मोटर गई.”

“कवय?” ती विचारायची.