काचेला बोट लावायचं नाही

फेसअक्का कुणाकडेही गेली आणि तिच्यापुढे पाण्याचा पेला आला, की आधी तो उजेडाकडे धरून तिरका करायची. यजमानीण समोर उभी, आणि ही बघतेय पेल्याच्या कडेवरून पाणी कसं उतरतं ते! चादरीसारखं सलग उतरलं तर पेला स्वच्छ, थेंबाथेंबांनी तुटत उतरलं तर तेलकट. "स्वल्प ओशट आहे हो," असं सांगायची आणि मग तेच पाणी गटागट प्यायची. बायका चिडायच्या. मीही पहिल्यांदा चिडलेच होते. पुढे ती येणार म्हटलं की मी पेले दोनदा विसळायचे. तरी ती काहीतरी काढायचीच.

फेसअक्का हे नाव आमच्या सोसायटीतल्या पुण्या-नागपूरच्या पोरांनी ठेवलेलं. व्हाइटफील्डच्या या अंगाला तलावाला फेस येतो, वारा सुटला की त्याचे पांढरे ढीग उडून स्कूटरवाल्यांच्या तोंडावर बसतात, हे तुम्हाला काय सांगायचं! सगळे त्याचे फोटो काढायचे. अक्का मात्र रिकामी बाटली घेऊन जायची.

ती जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. आमच्यासारखीच इथल्या जुन्या मराठी घरातली, म्हणून आमचं जमलं. कॉलेजनं भंगारात काढलेला एक तराजू तिनं मागून घरी आणला होता. त्याला प्लॅटिनमच्या तारेचं अंगठीएवढं कडं टांगलेलं. ते ज्योतीत लालबुंद करायचं, निवलं की काचेच्या वाटीतल्या पाण्यावर टेकवायचं आणि हळूहळू वर ओढायचं. पाणी कड्याला धरून वर येतं, ताणतं, आणि एकदम सुटतं. सुटताना किती जोर लागला, तो आकडा. शुद्ध पाण्याचा सत्तरच्या वर. साबणाच्या पाण्याचा पार निम्म्यावर. "बघ," ती म्हणायची, "शुद्ध पाणी धरून ठेवतं गं. साबण पडला की लगेच सोडून देतं."

त्या वाटीला हात लावायची कुणाची टाप नव्हती. ती धुवायची अ‍ॅसिडनं, मग उकळत्या पाण्यानं, मग डिस्टिल्ड पाण्यानं. "पुट्टा लहानपणी माझ्याबरोबर प्रयोगशाळेत यायचा," ती कौतुकानं सांगायची. "स्टुलावर हात मांडीखाली दाबून बसायचा, चुकून काचेला लागू नयेत म्हणून." पुट्टा म्हणजे तिचा मुलगा शिरीष. पन्नाशीला आला, कंपनीत मोठा साहेब झाला, तरी कन्नड घरातल्यासारखा तो तिचा पुट्टाच, छोटाच.

हा पुट्टा आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. आणि इथेच सगळं घोडं अडलं. सोसायटीचं सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र किती तरी दिवस बंद होतं, आणि मागच्या भिंतीतल्या पाइपातून आमच्या सगळ्यांच्या धुण्याभांड्यांचं पाणी तसंच नाल्यात, नाल्यातून तलावात. अक्कानं पाइपाखाली बाटली धरली आणि आकडा काढला, थेट साबणाच्या पाण्याचा. पण यंत्र उत्तम चालतंय असं शिरीषनं सरकारी कचेरीत सही करून दिलेलं!

"पुट्टा, सही मागे घे. यंत्र दुरुस्त करू," ती माझ्यादेखत त्याला म्हणाली.

"आई, फ्लॅटला गिऱ्हाईक मिळणार नाही. लोक मला फाडून खातील."

"मग मी मीटिंगमध्ये मांडते. लोकांना दिसलं की लोकच म्हणतील दुरुस्त करा. तुझ्यावर येणार नाही."

तिला खरंच तसं वाटत होतं. पाइप बंद व्हावा आणि तोही पोराच्या हातून व्हावा, एवढीच तिची इच्छा होती.

मीटिंगला क्लबहाऊस भरलं. तराजू शिरीषनंच उचलून आणला, वाटीही त्यानंच आणली. अक्कानं घोटभर पाणी फिरवून वाटी उजेडाकडे धरली; पाणी चादरीसारखं उतरलं. "आधी शुद्ध पाणी," म्हणाली, आणि पिण्याच्या पाण्याच्या नव्या बाटलीचं सील फोडून ओतलं. कडं टेकवलं, ओढलं. पाणी वर आलंच नाही नीट. सुटलं. आकडा थेट नाल्याच्या पाण्याचा!

नागपूरचा एक पोरगा ओरडला, "अक्का, तुमच्या हिशेबानं तर आम्ही साबणच पिऊन राहिलो ना!" सगळं क्लबहाऊस हसलं. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, अब आराम कीजिए."

अक्कानं वाटी नाकाशी नेली. भांडी घासायच्या साबणाचा लिंबाचा वास. तिनं वाटी माझ्याकडे दिली, मलाही आला. तेलाचं बोट पाण्यावरून पकडता येतं. साबणावरून मात्र पाणी छान सलग उतरतं. मी उठणार, तोच तिनं माझा हात दाबून धरला. "मशीन जुनं झालंय," ती लोकांना म्हणाली. शिरीष मोबाइलमध्ये बघत होता.

घरी गेल्यावर तिनं शिरीषला विचारलं, "वाटी तू घासलीस?"

"अगं, मळकट दिसली म्हणून घासली. एवढं काय त्यात?"

"सरी," ती म्हणाली. ठीक आहे. बस, एवढंच.

त्यानंतर तिनं ज्योत पेटवली नाही. मी शिरीषवर तोंड सोडलं की मलाच दटावायची, "त्याला काय माहीत गं? लहान होता तेव्हा, विसरला. पोरगा आईची वाटी घासून ठेवतो, हे किती जणींच्या नशिबात असतं?" हे ती इतक्यांदा म्हणाली, की शेवटी मीही मान डोलवायला लागले. माझ्याकडे आली की पाणी न बघता प्यायची. त्याचंच मला जास्त वाईट वाटायचं.

गेल्या वर्षी अक्का गेली. त्याच क्लबहाऊसमध्ये शोकसभा झाली. शिरीष बोलायला उठला, डोळे पुसले आणि म्हणाला, "आईच्या प्रयोगशाळेत मी हात मांडीखाली दाबून बसायचो. काचेला बोट लावायचं नाही, आणि साबण तर कधीच नाही, नाहीतर सगळं चुकतं, हे तिनं मला अ आ इ च्या आधी शिकवलं. आजही विसरलेलो नाही."

लोकांनी माना हलवल्या. कुणी कुणी डोळेही टिपले.

मी उठले, चपला घातल्या आणि मागच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. पाइप वाहत होता.