गणू तांबटाने लिहवून घेतलेली ओळ

भूतखेत, भानामती, अंगात येणं... यांतल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. अंगात आलेल्यांना मी आधी जुलाबाचं औषध देत असे. तरीही शनिवार पेठेत, माझ्याच ओसरीवर, भर दुपारी जे घडलं ते लिहितो आहे. इतर वैद्यांनी वाचावं म्हणून, आणि लपवून ठेवणं आता सोसत नाही म्हणून.

जुनाट संग्रहणीवर, म्हणजे महिनोन्महिने न हटणाऱ्या जुलाबांवर, मी पाऱ्याची एक मात्रा बसवली होती. कोणाला दिली, काय गुण आला, ते वहीत टिपून ठेवी. पानामागून पान ‘बरा’, ‘बरा’! पेशव्यांच्या वाड्यातूनही बोलावणं येऊ लागलं. मात्र महिनाभरात जो परत आला नाही, त्याच्यापुढे मी ‘बरा’ लिहीत असे. हे फक्त बायकोला ठाऊक होतं.

“परत आला नाही म्हणजे बरा?” ती म्हणाली होती. “अहो, मेलेला माणूसही परत येत नाही.”

मी हसण्यावारी नेलं.

पुढे तिलाच संग्रहणी लागली. तीन आठवडे अन्न ठरेना. मी मात्रा उगाळायला घेतली आणि हात थांबला.

“इतके बरे केलेत ना?” ती अंथरुणातून म्हणाली. “मग बायकोच्या वेळी सहाण का अडली?”

तेवढ्यात ओसरीवर खाकरल्याचा आवाज आला. बाहेर कसब्यातला गणू तांबट बसला होता. वर्षापूर्वी मी त्याला मात्रा दिली होती. वहीत तो ‘बरा’ होता.

“ये गणू. कसा आहेस?”

“वही घ्या, बुवा. सांगतो तसं लिहा.” आवाज अगदी शांत. “पाचव्या दिवशी तोंड आलं. लाळ थांबेना. मग दात हलले. मग लघवी बंद. कुणीतरी लिहून ठेवायला पाहिजे ना?”

मी लिहिलं. त्याला पाणी आणायला आत गेलो... परत आलो तर ओसरी रिकामी.

मात्रा तशीच टाकून मी उन्हात कसबा गाठला. गणूचा धाकटा भाऊ दारात हंडा ठोकत होता.

“दादा? तो गेल्या आषाढातच गेला, बुवा.”

“कशानं?” मी विचारलं.

त्याने हातोडी खाली ठेवली. “तुमच्या मात्रेनं तोंड आलं, दात हलले, लघवी तुंबली. शेवटपर्यंत एकच घोकत होता — बुवांना कळवा, दुसऱ्या कुणाला देऊ नका म्हणावं. आम्हीच आलो नाही. तुम्ही मोठे वैद्य, आम्ही काय सांगणार?”

त्यानंतर मी वहीतल्या प्रत्येकाच्या दारात गेलो. काही खरोखर बरे होते. बाकीच्या घरांत मान खाली घालून उभा राहिलो, आणि घरी येऊन ‘बरा’ खोडून खरं ते लिहिलं. बायको ताक आणि डाळिंबाच्या सालीच्या काढ्यावर उठली. गुण कशाचा, हे आता मी छातीठोक सांगत नाही.

मरणाच्या दारात असताना गणूने आपली लक्षणं दिवसागणिक, क्रमाने लक्षात ठेवली, तीही परक्यांसाठी. इतका चोख वैद्य मी पुण्यात दुसरा पाहिला नाही.

ती ओळ वहीत आहे, अक्षर माझंच. तो कसा आला, हे मला आजही कळलेलं नाही. आणि मला एका शब्दानेही दोष न देता कसा गेला, हे तर मुळीच कळत नाही.