न्यायमूर्तींचं अर्धं वाक्य

सुरतेच्या बमरोली भागातल्या एका डाईंग मिलमध्ये, कापडाचे ताके मोजून घड्या घालायच्या खात्यात, सुकदेव अण्णांची एकतीस वर्षं गेली. पण सुरतेतल्या कुठल्याही खानदेशी माणसाला विचारा, तो अण्णांना मिलवरून ओळखणार नाही. तो म्हणेल, "कोण, ते श्रद्धांजलीवाले का?"

हा काही त्यांचा धंदा नव्हे. समाजात कुणी गेलं की दशक्रियेला, शोकसभेला माइक अण्णांच्या हातात यायचा, एवढंच. पांढरा झब्बा, डोक्यावर टोपी, खिशाला पेन. "यानंतर आपल्या भावना व्यक्त करतील..." हे ते इतक्या ओल्या, मऊ आवाजात म्हणत की ऐकणाऱ्याला वाटावं, आपणही एकदा मरून बघायला हरकत नाही.

अण्णांचा नियम एकच होता. प्रत्येकाला दोन मिनिटं. जन्म कापड मोजण्यात गेलेला, त्यामुळे मापाबाहेर गेलेलं काहीही त्यांना सहन होत नसे. दोन मिनिटं झाली की ते वक्त्यापुढे चिठ्ठी सरकवायचे : 'वेळ संपली.' वक्ते ती चिठ्ठी वाचायचे, खिशात घालायचे आणि आणखी वीस मिनिटं बोलायचे. इतक्या वर्षांत चिठ्ठी वाचून खरोखर खाली बसलेला माणूस एकच, आणि तो नेमका हायकोर्टाचा न्यायमूर्ती निघाला.

त्याला आता अकरा वर्षं झाली. साक्री तालुक्यातल्या एका खेड्यातले राघो निकुंभ हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि सुरतेतल्या समाजानं पर्वत पाटियाजवळच्या वाडीत त्यांचा सत्कार ठेवला. इथे वाडी म्हणजे समाजाचा लग्नकार्याचा हॉल. संध्याकाळी पाच वाजता तिथं एक लग्न होतं. न्यायमूर्तींच्या आधी सात जण बोलले आणि सातही जणांनी चिठ्ठ्या खिशात घातल्या. न्यायमूर्ती उठले तेव्हा पावणेपाच झालेले, नवरीकडच्या बायका दारातून आत डोकावायला लागलेल्या. न्यायमूर्तींनी सगळ्यांचे आभार मानले, गावची एक आठवण सांगितली आणि म्हणाले, "आपल्या माणसांनी आयुष्यात एकच गोष्ट सांभाळली, तर बाकीचं आपोआप होईल. ती गोष्ट म्हणजे..."

तेवढ्यात अण्णांनी चिठ्ठी सरकवली.

मुद्दाम नव्हे हो. दोन मिनिटं झाली, हात सवयीनं गेला. न्यायमूर्तींनी चिठ्ठी वाचली, अण्णांकडे पाहिलं, "धन्यवाद" म्हणाले आणि बसले. हॉलमध्ये टाळी कुणी आणि केव्हा वाजवायची हेच कुणाला कळेना.

ती गोष्ट काय, हे समाजाला कधीच समजलं नाही. न्यायाधीशानं पुढाऱ्यांच्या गर्दीत वावरू नये असं निकुंभ साहेबांचं मत होतं, त्यामुळे ते पुन्हा सुरतेच्या स्टेजवर आलेच नाहीत. अण्णांना मात्र लग्नात, बारशात, भाजीच्या हातगाडीवर लोक गाठायचे. "अण्णा, अजून दहा सेकंद थांबले असते तर काय लोक उठून जाणार होते?" मास्तर लोकांची खात्री होती की ती गोष्ट म्हणजे शिक्षण. डॉक्टरांची खात्री होती की तब्येत. अण्णांची बायको उषाबाई म्हणायची, "जीभ सांभाळा असं म्हणत असतील. तुमच्याकडे बघूनच सुचलं असेल."

अण्णा हसायचे. पण ताके मोजता मोजता मध्येच आकडा चुकायचा, आणि कधी कधी त्याला कारण ते वाक्य असायचं. सबंध समाजाला कुणीतरी काहीतरी देत होतं आणि आपण मध्ये हात घातला, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं.

आणि एका मंगळवारी सकाळी बातमी आली. न्यायमूर्ती निकुंभ गेले. झोपेतच, हृदय बंद पडून. वय साठ.

दुपारपर्यंत सुरतेत त्यांचे इतके जवळचे लोक निघाले की साहेबांना एवढ्यांना भेटायला सुट्ट्या तरी कधी मिळाल्या, हा प्रश्न पडावा. बॅनर लागले. साहेबांचा सुरतेतला फोटो एकच, त्या सत्काराचा. तोच जो तो आपल्या मापानं कापून लावत होता. एका बॅनरवर साहेबांच्या शेजारी कोपरापर्यंतचा एक हात तेवढा उरला होता. तो हात अण्णांचा. चौकाला नाव द्या, बागेला नाव द्या, पुतळा उभारा, अशा तीन वेगवेगळ्या निवेदनांवर त्याच त्या माणसांच्या सह्या झाल्या. बन्सीलालशेठ यांनी तर पहिल्या तासाभरात मृत्यूच्या चौकशीची मागणीही केली. दाखला देणारा डॉक्टर आपल्याच समाजाचा आहे हे कळल्यावर ती मागे घेतली.

एवढं दुःख एकदम उसळायला कारण होतं. महापालिकेची निवडणूक तोंडावर आली होती. वॉर्डातल्या चार जागांपैकी एक मराठी माणसाला मिळणार असं सगळे धरून चालले होते, आणि त्या एका जागेवर दोघांचा डोळा होता. एक हे बन्सीलालशेठ, वय अडुसष्ट, चलथाणच्या बाजूला उसाचे ट्रक चालवणारे. दुसरे गजेंद्रभाऊ, वय चव्वेचाळीस, साड्यांची पार्सलं वाहणाऱ्या टेम्पोंचे मालक. शोकसभा दोघांनी मिळून ठेवली होती, कारण वेगवेगळी ठेवली तर कुणाकडे किती लोक आले हे दिसलं असतं.

बुधवारी गजेंद्रभाऊ मिलच्या गेटवर अण्णांना भेटायला आले. चहा मागवला, तोही स्पेशल.

"अण्णा, सूत्रसंचालन तुम्हीच करायचं. दुसरं कोण आहे आपल्याकडे?"

"करू की, भाऊ."

"फक्त एक काम. ते वाक्य आठवतं ना? साहेब स्टेजवरून उतरताना तुमच्या कानात बोलले होते ना, पुढचं?"

"नाही बोलले. चहा कुठं आहे, एवढंच विचारलं."

"चहाच्या आधी बोलले असतील," गजेंद्रभाऊ शांतपणे म्हणाले. "तरुण नेतृत्व सांभाळा. असंच काहीतरी बोलले असतील. आठवून बघा. मी भाषणात तुमचं नाव घेईन, तुम्ही उठून हो म्हणायचं. अकरा वर्षं लोक तुम्हाला टोमणे मारतात, एका मिनिटात विषय संपेल. बराबर ने?"

गजेंद्रभाऊंनी बशी खाली ठेवली.

"नाहीतर मग समाजाची कमिटी म्हणते, ओंकारला बोलवू. तो साखरपुडे, गरबे सगळं करतो. कानाला लावायचा माइक आहे त्याच्याकडे. एकदा त्याला दिलं की मग दशक्रियासुद्धा त्यालाच द्याव्या लागतील. तुमचंही वय झालं."

गुरुवारी बन्सीलालशेठ घरीच आले. त्यांचं बोलणं सरळ होतं.

"सुकदेव, साहेबांनी तुला कानात सांगितलं, 'अनुभवी माणसं सांभाळा.' मला पक्कं आठवतंय."

"शेठ, तुम्ही तेव्हा जेवणाच्या पंगतीत होते."

"म्हणून काय झालं? तिथवर ऐकू आलं."

अण्णांनी दोघांनाही एकच उत्तर दिलं : "बघतो." दोघांनीही त्याचा अर्थ आपल्या सोयीनं लावला.

आता अण्णांना माइकचं वेड होतं हे कबूल केलं पाहिजे. मिलमध्ये त्यांना कुणी नावानं हाक मारत नव्हतं, खातं क्रमांक चारवरून हाक मारायचे. माइक हातात आला की मात्र आमदारसुद्धा त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचे, आपलं नाव कधी येतंय म्हणून. आणि खोटं तरी किती? एक शब्द. मेलेला माणूस उलटतपासणी घ्यायला येत नाही. सभेच्या दिवशी सकाळी आरशासमोर उभं राहून त्यांनी म्हणूनही पाहिलं, "होय, साहेब माझ्या कानात म्हणाले..."

मागून उषाबाईनं विचारलं. घरात दोघं अहिराणीतच बोलत. "त्यासनी तुमले काही सांगं का?"

"नही."

"मंग?"

"नही म्हनं ते माइक जाई."

"जाऊ द्या. माइक काय तुमना बापना शे?" असं म्हणत तिनं इस्त्री केलेला झब्बा पुढे केला. "आनि खोटं बोलनं व्हई ते आरसामा नका देखू. कान लाल व्हतस तुमना."

सभेला वाडी भरली होती. पहिल्या रांगेत साहेबांच्या पत्नी रजनीताई बसल्या होत्या, अहमदाबादहून सकाळच्या गाडीनं आलेल्या. साधी फिकट साडी, हातात रुमाल, पण रुमाल कोरडा. भिंतीपाशी ओंकार कानाला माइक लावून तयार उभा होता. गरज पडली तर म्हणून.

नऊ जण बोलले, नऊ चिठ्ठ्या खिशात गेल्या. मग गजेंद्रभाऊ उठले. साहेब आपल्याला धाकट्या भावासारखं मानायचे, हे सांगताना त्यांचा गळा तीन वेळा दाटून आला. चौथ्या वेळी ते मुद्द्यावर आले.

"त्या दिवशी साहेबांचं वाक्य अर्धं राहिलं. पण ते अर्धं नव्हतं! स्टेजवरून उतरताना साहेबांनी ते आपल्या सुकदेव अण्णांच्या कानात पुरं केलं. तरुण नेतृत्व सांभाळा! अण्णा, सांगा समाजाला!"

तेवढ्यात बन्सीलालशेठ खुर्चीतूनच ओरडले, "काय थापा मारतो रे! अनुभवी माणसं सांभाळा म्हणाले. सुकदेव, बोल!"

हॉलभर कुजबुज उठली. पाचशे लोकांच्या माना अण्णांकडे वळल्या. अण्णांनी माइक हातात घेतला. समोर गजेंद्रभाऊ, बाजूला बन्सीलालशेठ, भिंतीपाशी ओंकारनं माइकवर टिचकी मारून घेतली. बायकांच्या बाजूला उषाबाई पदर सावरत त्यांच्या कानांकडे टक लावून बघत होती.

"साहेब मला काहीच बोलले नाहीत," अण्णा म्हणाले. ओला, मऊ आवाज आज कुठं गेला कुणास ठाऊक, साधाच आला. "उतरताना चहा कुठं आहे विचारलं, मी हातानं दाखवलं. बस. वाक्य मी तोडलं. पुढचं कुणालाच माहीत नाही, मलाही नाही. ज्याला माहीत होतं ते गेले. समाजाची मी माफी मागतो. आणि ताई, तुमचीही."

एवढं बोलून त्यांनी माइक टेबलावर ठेवला आणि स्वतःच्या पायांकडे बघत उभे राहिले. गजेंद्रभाऊंनी ओंकारला खूण केली. ओंकार दोन पावलं पुढे आला.

पण त्याच्या आधी रजनीताई उठल्या होत्या.

"चिठ्ठी तुम्ही दिली होती?" त्यांनी माइक घेत विचारलं.

"हो ताई."

"अहो, अकरा वर्षं तुम्हाला भेटायचं राहून गेलं होतं." आणि त्या हसल्या. शोकसभेत, पहिल्या रांगेतली, घरचीच बाई हसली, त्यामुळे लोकांना काय करावं कळेना. "यांचं ते वाक्य ठरलेलं होतं. कुठंही गेले की म्हणायचे, एकच गोष्ट सांभाळा. ती गोष्ट मात्र समोरची माणसं बघून ठरायची. वकिलांना सांगायचे शब्द, शाळेत सांगायचे वेळ, डॉक्टरांना झोप. त्या दिवशी तुमच्याकडे आधी सात भाषणं झाली. शिक्षण संपलं, एकी संपली, संस्कार संपले, आईवडील संपले. यांच्यासाठी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं हो कुणी! 'ती गोष्ट म्हणजे' म्हणाले आणि डोकं रिकामं. मी समोर बसले होते, कपाळावर घाम दिसत होता मला. आणि तुमची चिठ्ठी आली."

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"गाडीत बसल्यापासून भरूचपर्यंत हसत होते. म्हणाले, रजनी, आयुष्यात पहिल्यांदा मला वेळेवर न्याय मिळाला."

मग मात्र सगळी वाडी हसली. पुरुष हसले, बायका तोंडाला पदर लावून हसल्या, हसता हसता रजनीताईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी तो कोरडा रुमाल शेवटी वापरला. त्यांच्या शेजारच्या दोन बायकाही रडायला लागल्या. सकाळपासून त्या वाडीत पहिल्यांदाच कुणीतरी न्यायमूर्ती निकुंभांसाठी रडत होतं. गजेंद्रभाऊ उरलेलं भाषण करायला उभेच होते. थोडा वेळ उभे राहिले, मग खुर्ची बघून बसले.

अण्णांना मात्र हसू आलं नाही आणि रडूही. अकरा वर्षं पाठीवर घेतलेलं पोतं कुणीतरी उचललं आणि आत भुसा होता असं सांगितलं, तर माणसाचं जे होईल ते त्यांचं झालं. ते आपले टोपी काढून डोकं खाजवत राहिले.

पुढे निवडणुकीत ती जागा महिलांसाठी राखीव निघाली. आठवड्याभरात दोन्ही पुढाऱ्यांच्या बायकांचे बॅनर लागले. न्यायमूर्ती त्यांनाही सख्ख्या बहिणीसारखं मानत होते म्हणे. कमिटीनं ठराव करून सूत्रसंचालन ओंकारकडे दिलं आणि अण्णांनी त्याला स्वतःहून फोन करून सांगितलं की दशक्रियेला मागे संगीत लावू नकोस, लोक नाचायला उठतील.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी दगा नावाचा मिलमधला ऑपरेटर दारात आला. डोक्याचे केस काढलेले. त्याचे वडील जाऊन आठ दिवस झाले होते.

"अण्णा, परवा दशक्रिया आहे. तुम्ही या."

"ठराव झाला ना, दगा. ओंकारला सांग."

"ठराव कमिटीचा झाला. बाप माझा गेला." दगा चटईवर बसला. "मला खरं बोलणारा माणूस पाहिजे."

उषाबाईनं चहा आणला. अण्णांनी कागद-पेन काढलं. "सांग मग. वडिलांबद्दल काय बोलू?"

"फार प्रेमळ होते, असं म्हणा."

"होते?"

दगानं चहात बघितलं. "नव्हते. मारायचे आम्हाला."

"मग?"

"खरं म्हणजे अगदी सगळंच खरं नको, अण्णा."

अण्णा पेन धरून थांबले. दगानं बराच विचार केला. मग त्याचा चेहरा एकदम उजळला.

"लाऊड स्पीकर दुरुस्त करायचे. फुकट. सगळ्या गल्लीचे. बिघडलेला पंखा दिसला की खिशातून स्क्रू ड्रायव्हर निघायचा, परक्याच्या घरीसुद्धा. एकदा माझ्या सासरी लग्नाच्या बैठकीत पंखा उघडून बसले."

"हे चांगलं आहे," अण्णा लिहून घेत म्हणाले. "बैठक मोडली का?"

"नाही ना. सासऱ्यानं मिक्सर पण आणून दिला."

उषाबाई दारातच बसली आणि म्हणाली, "मंग? सुरू व्हयना का मिक्सर?"