झरीचे मामा आणि ध्रुवावरचा प्रवाह

सूर्यापासून झरी गावापर्यंत जे जे वाहतं, त्याची चौकशी करण्याचा मक्ता माझ्या बायकोच्या थोरल्या मामांकडे आहे. मामा विज्ञानाचे निवृत्त मास्तर. सूर्यावरून विद्युतभारित कणांचं वारं सुटतं, त्याच्याबरोबर चुंबकत्व येतं, आणि त्या चुंबकत्वाचं तोंड कुठल्या दिशेला यावर ध्रुवावरच्या आभाळातला प्रवाह ठरतो, हे त्यांनी मला माझ्याच लग्नाच्या पंगतीत सांगितलं. माझ्या ताटातल्या भाताचं आळं करून वरण ओतलं. "तोंड दक्षिणेला असलं की पृथ्वीचं दार उघडतं. प्रवाह उजेडाकडून ध्रुवावरून अंधाराकडं मधून जातो, अन् दोन्ही कडांनी परत येतो. लय सोपं हाय, जावईबापू. ध्यानात आलं?" वरण एकाच कडेनं माझ्या नव्या कोऱ्या पायजम्यावर आलं. नवा जावई, काय बोलणार? "आलं," म्हणालो. तिथंच फसलो.

पुढं प्रत्येक भेटीत उजळणी. एकदा तर शेजारच्या मेंढपाळाची मेंढरंच खळ्यावर आणवली. मधून हाकली की खळ्याच्या भिंतीपाशी फुटून दोन्ही कडांनी परतायला हवी होती. ती सगळी एकाच कडेनं कुणाच्या तरी हरभऱ्याच्या शेतात घुसली. मेंढपाळ बोंबलत धावला. मामा शांत. "तोंड उत्तरेला फिरलं असंल. तवा प्रवाहाचा असाच घोटाळा होतो." दार कुठलं, तोंड कुणाचं, मेंढरं म्हणजे नेमकं काय, देव जाणे! मी मान डोलावली. मामा गावभर सांगत सुटले, "अख्ख्या पाहुण्यांत एकट्या जावयाला समजलं."

परवा जेवायला बसलो होतो. अलीकडे मामा विसरायलेत; कधीकधी मामींचं नावही. घास हातात धरून ते मला म्हणाले, "जावईबापू, तोंड दक्षिणेला असलं की दार उघडतं का मिटतं? मला आठवंनाच. तुमी सांगा. तुमच्यापाशी ठिवलंय म्हणून मी निवांत होतो."

मी भाताचं आळं केलं, वरण ओतलं. "उघडतं, मामा. मग प्रवाह मधून जातो..."

"अन् मग?"

पुढचं येईना. लाजेनं कान तापले. "मामा, खरं सांगू? मला कधीच समजलं न्हाई."

मामांनी हातातला घास ताटात ठेवला. मग हसले. "म्हंजे आता दोघांनाबी न्हाई. सरका इकडं, पहिल्यापासून बघू."

त्यांनी वरणाची वाटी कलती केली. वरण माझ्या पायजम्यावर आलं. मी मांडी हलवली नाही.