पुतळ्याची मागची बाजू

पुण्यात चार माणसं जमली की समिती होते, आणि समिती झाली की किस्से साचायला लागतात. आमच्या नारायण पेठेतल्या कवी दत्तोपंतांच्या पुतळा समितीचा मी सेक्रेटरी. पुतळा एकच झाला, किस्से मात्र संपत नाहीत. ऐकून लोक हसतात. सांगताना मी मात्र अजून आवाज खाली आणतो.

*

पहिल्याच मीटिंगला प्रश्न निघाला, दत्तोपंत दिसायचे कसे? जन्मभर पेठेत राहिलेला माणूस! एक म्हणाला, मिशी होती. दुसरा म्हणाला, छे, कधीच नव्हती. फोटोत सावली होती की मिशी, तेही ठरेना. आमचे अध्यक्ष नाना, रिटायर्ड हेडमास्तर. ते म्हणाले, "हात वर करा."

मिशी दोन मतांनी पडली!

मला त्या रात्री झोप नाही. दत्तोपंतांच्या पत्नी मालतीकाकू चौकातच राहतात, त्यांची खिडकी बरोबर पुतळ्याच्या जागेवर उघडते. उद्या खिडकीतून रोज परका माणूस दिसला तर त्या म्हाताऱ्या जिवाला काय वाटेल? आणि जाब कोणाला विचारणार? सेक्रेटरीला!

*

फोटो एकुलता एक, तोही समोरून. तो घेऊन आम्ही कात्रजला शिल्पकार उस्मानभाईंच्या शेडमध्ये गेलो. त्यांनी फोटो उलटा करून पाहिला.

"समोरून माणूस दिलात. मागून काय भिंत बांधू?"

नानांनी सगळ्या समितीकडे नजर फिरवली. बाकीच्यांच्या पाठी कवीला परवडण्यासारख्या नव्हत्या. "सेक्रेटरी, तुम्ही उभे राहा," नाना म्हणाले. "किडकिडीत आहात, डावा खांदाही उतरलाय. कवी वाटता, मागून."

तीन रविवार मी पाठ करून उभा! शेवटी हात जोडले, "उस्मानभाई, हे बाहेर सांगू नका हं."

"घाबरता कशाला साहेब? पाठ कोण ओळखतंय!"

*

मग पुतळ्याचं तोंड कुठे करायचं यावर वाद. इकडे केलं तर समोर भेळेची गाडी, तिकडे केलं तर मुतारी. नाना म्हणाले, "काकूंनाच विचारून या." मी गेलो. वाटलं, खिडकीकडे तोंड करा म्हणतील.

काकू म्हणाल्या, "पाठ आमच्याकडे करा."

"पाठ?"

"अहो, जन्मभर ते या खिडकीत बसून लिहायचे, चौकाकडे तोंड करून. मी मागून हाक मारायची, 'अहो, चहा निवतोय!' एकदा वळले असतील तर शपथ. चेहरा लोकांनी पाहिला. मला पाठच ठाऊक."

खाली आलो तो थेट कोपऱ्यावरच्या दुकानातून उस्मानभाईंना फोन केला, "पाठ बदलता येईल का?"

"ओतकाम झालं साहेब. आता तुम्हीच बदला."

*

अनावरणाचा दिवस. पडदा सरकला. गर्दीतून कोणीतरी निकाल दिला, "दत्तोपंत सोडून सगळे दिसतात यात!" नाना लाल झाले. माझं तिकडे लक्षच नव्हतं. काकू काठी टेकत जिना उतरत होत्या.

त्या पुढे आल्याच नाहीत. वळसा घालून मागे गेल्या. नजर अधू झालेली, म्हणून चौथऱ्याला अगदी खेटून, मान वर करून बघत राहिल्या. आता म्हणणार, हा कोण मेला!

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. "हेच. खांदा अस्साच उतरायचा डावीकडे."

नाना माझ्या कानाशी आले, "सांगायचं का?"

"नाना, तुम्हाला माझी शपथ आहे!"

*

तेव्हापासून मी तो चौक टाळतो. एखाद्याचा आनंद चोरून अंगात घालून फिरतोय असं वाटतं. पण एकदा रिक्षांचा संप होता, आणि बसस्टॉप नेमका काकूंच्या खिडकीखाली. संध्याकाळची वेळ. मी रस्त्याकडे तोंड करून उभा, चार पावलांवर पुतळा, त्याचंही तोंड रस्त्याकडे. खांदा सरळ ठेवायचा खूप प्रयत्न केला, पण हातात पिशवी होती.

वर खिडकी उघडल्याचा आवाज आला.

"अहो, चहा निवतोय!"

बस आली, थांबली, गेली. मी वळलो नाही.