टाकीच्या झाकणावरचं कुंकू

दसऱ्याला लेकीच्या स्कूटीला कुंकू लावताना माझं बोट अजून थबकतं.

नांदगाव खंडेश्वरच्या एका बाईकडून मी तिच्या शेतकरी नवऱ्याची मोटरसायकल घेतली होती. तो नुकताच गेला होता. कसा, ते कर्ज-नापिकीच्या त्या वर्षांत कुणी विचारत नसे.

गाडी थोडी चालायची की गचके देऊन बंद पडायची. बडनेऱ्याच्या मेकॅनिक रहीमचाचांनी पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढलं, तर गाडी सुरूच राहिली. झाकणातल्या हवेच्या बारीक छिद्रात वाळलेलं कुंकू घट्ट बसलं होतं.

“कोनं एवढी पूजा केली भाऊ? हवाच आत नाही गेली, त पेट्रोल उतरन कसं?”

चाचांनी सुईनं ते उकरलं. मी हसत फुंकर मारली.

गाडी पुन्हा बंद पडली नाही. त्या बाईनं सवाष्ण असताना लावलेलं ते शेवटचं कुंकू होतं, हे कळायला मला वर्षं लागली.