थाळीचा भोंगा

मिल बंद पडली, पोलोग्राउंडच्या कारखान्यांत कुणी घेईना, म्हणून आमच्या मुकुंदकाकांनी घरामागे म्हशी बांधल्या, मेथी लावली. कमाई सुरू झाली, पण काम संपेना. लोक त्यांना मेहनती म्हणत. मी हट्टी म्हणते. एकदा धार काढताना डोळा लागला आणि भरली बादली लवंडली.

इंदिराकाकू भडकल्या. "हद्द हो गई! मिलमध्ये भोंगा झाला की लगेच निघायचात ना?"

"इथे भोंगा कुठेय?"

दुसऱ्या संध्याकाळी धारा झाल्या, तरी काका मेथीत खुरपत बसले. काकूंनी मागच्या दारात थाळी बडवली. काकांनी सवयीनं खुरपं टाकलं, हातपाय धुतले, मागच्या फाटकातून निघाले आणि गल्लीला वळसा घालून पुढच्या दारात आले.

"आलो गं."

दिवसभर घरीच असलेला माणूस कित्येक महिन्यांनी घरी आला होता.